संशोधनाच्या फॉर्मवर सही नक्की कोणाची?

खाडीपलीकडे | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी डोंबिवलीत. आई आणि धाकटा भाऊ गावी, देवगड तालुक्यात. भावाला सहा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. पहिली दोन वर्षं कशी गेली ते लिहीत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना कळेल. आता बराच सावरलाय. ओलान्झापिन चालू आहे, रात्रीची गोळी आपली आपण घेतो, सीझनला आंब्याच्या पेट्या भरायला जातो. आधी आम्ही दाखवायला कोल्हापूरला न्यायचो, घाट चढून उतरून अख्खा दिवस जायचा. गेली दोन वर्षं गावापासून त्यातल्या त्यात जवळच्या एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेतो. केसपेपर काढायचा, गोळ्या तिथेच मिळतात, दुपारच्या एस्टीला परत.

गेल्या खेपेला तिथल्या निवासी डॉक्टरबाईंनी आईच्या हातात एक फॉर्म दिला. त्यांच्या एमडीच्या प्रबंधासाठी अभ्यास आहे, या गोळ्यांनी वजन, कमरेचा घेर, साखर आणि चरबी किती वाढते याचा. दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी रक्त, टेपने माप, एक प्रश्नावली, असं वर्षभर. औषध आहे तेच राहणार. शेवटच्या पानावर आणखी एक ओळ आहे: रक्ताचा नमुना पुढील संशोधनासाठी साठवून ठेवण्यास संमती आहे / नाही.

आई म्हणते, तपासण्या फुकट होतायत, करून टाक सही. मामा म्हणतो, आपल्या पोराचा उंदीर करू नका. फॉर्मचे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेत आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. करावी का मी सही? नाही म्हटलं तर डॉक्टरबाई नाराज होतील आणि पुढे नीट बघणार नाहीत, ही भीती आहेच.

तिसरी घंटा | रविवार, रात्री १०:३१

वाचतोय.

कातळ | रविवार, रात्री १०:५०

स्पष्ट लिहितो, राग नसावा. एमडीचे प्रबंध हा निव्वळ कागदी कारभार आहे. पदवीसाठी लिहायलाच लागतो म्हणून लिहितात. शंभर रुग्ण गोळा करायचे, दोन तक्ते काढायचे, काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं छापायची आणि ग्रंथालयातल्या वाळवीची सोय करायची. तुमच्या भावाला त्यातून काय मिळणार? वर्षातून चार वेळा उपाशी प्रवास. मी असतो तर केली नसती.

वेंगुर्ल्याचो राजा पार्टी | रविवार, रात्री ११:०५

ताई, मामाक सांगा, उंदीर करूचो म्हणजे पिंजरो होयो, चीज होया. हय नुसतीच टेप आसा. माझी कंबर मोजल्यानी तर टेप कमी पडात. 😀

गमतीचा भाग सोडा. आमच्याकडे कोण जरा विचित्र बोललो की लगेच 'तेका रत्नांग्रीक धाडूक होयो' म्हणतत. आता तालुक्याची माणसा सरळ ओपीडीत जाऊन बसतत, हेच माका मोठा वाटता.

ओहोटी | सोमवार, सकाळी ७:२०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, चिपळूणच्या बाजूला. तुमचं हॉस्पिटल कोणतं ते सांगू नका, सांगायची गरजही नाही.

राजा पार्टी म्हणताहेत ते खरं आहे. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. कोकणातल्या माणसाच्या मनात मानसिक आजार म्हटलं की रत्नागिरीची ती भिंतच येते. शिकवणारी हॉस्पिटलं इथे अलीकडची. डेरवणचं २०१५चं, अलिबाग आणि सिंधुदुर्गची २०२१च्या पुढची, रत्नागिरीचं सरकारी २०२३चं. शिकवणाऱ्या हॉस्पिटलात मानसोपचार हा इतर विभागांसारखाच एक विभाग असतो, हाडांच्या ओपीडीला चाललेला माणूस आणि तुमचा भाऊ एकाच जिन्याने चढतात. याचं मोल मला प्रबंधांपेक्षा जास्त वाटतं.

आता अभ्यासाबद्दल. ओलान्झापिनने वजन, साखर आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात, हे जगजाहीर आहे. म्हणूनच या मोजण्या अभ्यास असो नसो व्हायलाच हव्यात. सुरुवातीला, तीन महिन्यांनी, मग निदान वर्षातून एकदा. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बायकांचा ८०च्या वर गेला की आपल्याकडे सावध व्हायचं असतं. गर्दीच्या ओपीडीत टेप कोण काढतं? मीही दरवेळी काढत नाही, खोटं कशाला बोलू.

@कातळ, माझा प्रबंधही वाळवीनेच खाल्ला असणार. पण तो करताना पहिल्यांदा एकेका रुग्णासमोर मी पाऊण तास बसलो. ओपीडीत पाच मिनिटं मिळायची.

कातळ | सोमवार, सकाळी ९:०२

डॉक्टर, म्हणजे फायदा तुमचा झाला. रुग्णाचा नाही. माझा मुद्दा तोच आहे.

ओहोटी | सोमवार, सकाळी ९:१०

बरोबर. त्याच्यानंतर आलेल्या रुग्णांचा थोडाफार झाला असावा. त्या पहिल्याचा नाही.

निवृत्त मास्तर | सोमवार, सकाळी ११:४५

माझा थोडा अनुभव. शाळेतून निवृत्त झाल्यावर एका कॉलेजच्या नैतिकता समितीवर मला 'सामान्य व्यक्ती' म्हणून घेतलं. पत्नी म्हणाली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तुम्हाला बरोबर ओळखलं.

लोकांना वाटतं, डॉक्टर मंडळी आपसात ठरवून टाकतात. तसं नाही. औषधांच्या चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या समितीत २०१९च्या नियमांप्रमाणे निदान सात जण लागतात, निम्मे संस्थेबाहेरचे, त्यात एक कायद्याचा माणूस, एक आमच्यासारखा वैद्यकाशी संबंध नसलेला, आणि किमान एक स्त्री. प्रबंधांचे प्रस्तावही समितीपुढे येतात.

माझं काम एकच, मराठी फॉर्म वाचणे. आणि काय मराठी महाराजा! संशोधनात भाग घेणाऱ्याला इंग्रजीत 'सब्जेक्ट' म्हणतात. कोणीतरी त्याचं भाषांतर केलं होतं 'विषय'. त्यामुळे फॉर्मात लिहिलेलं: "विषयाने सकाळी उपाशीपोटी यावे. विषयास चक्कर आल्यास विषयाला झोपवण्यात येईल. विषय केव्हाही माघार घेऊ शकतो." मी लाल पेन काढलं. पुढच्या बैठकीत सुधारून आलं: "सब्जेक्टने उपाशीपोटी यावे."

ताई, तुमच्या फॉर्मात तीन गोष्टी शोधा. केव्हाही बाहेर पडता येईल असं लिहिलंय का, नकार दिला तरी उपचार तसेच राहतील असं लिहिलंय का, आणि शंका आली तर समितीच्या सचिवांचा फोन दिलाय का. नसतील तर सही सोडाच, फॉर्म परत पाठवा.

वेंगुर्ल्याचो राजा पार्टी | सोमवार, दुपारी १२:०१

विषय गंभीर आसा आणि उपाशी पण आसा. 😀😀

पोफळीण | सोमवार, दुपारी २:३०

हहपुवा मास्तर!

मी नर्स होते, आता घरी. शिकवणाऱ्या हॉस्पिटलात मानसोपचार विभाग असल्याने काय होतं ते सांगते. आमच्या हाडांच्या वॉर्डात एक तांडेल दाखल होता, ट्रॉलरवर पडून मांडीचं हाड मोडलेलं. दोन दिवस शहाण्यासारखा. तिसऱ्या रात्री उठून बसला, भिंतीवरून कुर्ल्या चढतायत म्हणाला, आणि मोडका पाय घेऊन जाळं ओढायला निघाला. घामाने चिंब, हात लटलट कापतायत. बायको म्हणाली, होडीवरचं काहीतरी लागलंय, दीर पहाटे अंगारा घेऊन हजर. जुन्या हॉस्पिटलात असते तर आम्ही हातपाय बांधून सकाळची वाट बघितली असती. इथे मानसोपचारची निवासी मुलगी रात्री अडीचला चप्पल फटफटवत आली. पहिला प्रश्न: शेवटची दारू कधी प्यायले? तीन दिवसांपूर्वी. झालं निदान. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन ते चार दिवसांत असं होतं, आणि वेळेत सांभाळलं नाही तर माणूस जातो. शिरेतून बी-वन जीवनसत्त्व, झोपेची औषधं, सलाईन. पाचव्या दिवशी तांडेल मला विचारतो, सिस्टर, माझ्या खाटेखाली अंगारा कोणी सांडला?

दिराला कोणी हसलं नाही. त्या मुलीने त्याला सांगितलं, अंगारा राहू दे, फक्त पाणी पाजताना उठवून बसव.

घाटावरचा | सोमवार, संध्याकाळी ५:१५

अंगाऱ्याचा विषय निघालाच आहे तर, कोकणात अजून आधी देवाला कौल लावतात मग डॉक्टर, हे बंद व्हायला हवं. देवचार, वारं, अवसर, सगळ्यावर बंदी घाला.

वेंगुर्ल्याचो राजा पार्टी | सोमवार, संध्याकाळी ५:४०

बंदी घालूक तुम्ही घाटार बसा. माझ्या आजयेन देवळात गाऱ्हाणा घातल्यान आणि त्याच दिवसाच्या दुपारच्या गाडयेन आजोबाक घेऊन डॉक्टरकडे गेली. दोन्ही चलता.

सड्यावरून | सोमवार, संध्याकाळी ६:२२

दोन्ही चालतं, राजा पार्टी, जोवर दुसरं होतं तोवर. आमच्या वाडीत एक काका होते. लहानपणी आम्ही त्यांना गोठ्याशेजारच्या पडवीतच बघितलं. पायात साखळी. जेवण ताटात, बायको रोज पाय चोळायची, प्रेम होतं घरात, नव्हतं असं नाही. भगत झाले, देवस्थानं झाली. डॉक्टर राहून गेला. ते वारले तेव्हा घोट्याला कडं उमटलेलं होतं.

तामिळनाडूत एरवाडीला २००१ साली ऑगस्टमध्ये झोपडीला आग लागून साखळीने बांधलेली २८ माणसं गेली. पेपरात वाचलं तेव्हा काका आठवले. २०१७च्या कायद्याने आता कोणत्याही प्रकारे साखळीला बंदी आहे.

घाटावरचा | सोमवार, संध्याकाळी ६:५०

__/\__

परसबाग | सोमवार, रात्री ८:१०

थोडं अवांतर. देशी औषधांवर संशोधन का करत नाहीत? सर्पगंधा आपल्या सह्याद्रीत होते, जुनी माणसं वेड लागलेल्याला तिचं मूळ देत. मग या विलायती गोळ्या आणि वाढणारी पोटं कशाला?

ओहोटी | सोमवार, रात्री ९:३५

झालंय की. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१मध्ये सर्पगंधेवर लिहिलं, रक्तदाब आणि वेड दोन्हींसाठी. मुंबईचे रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये रक्तदाबावरचा अभ्यास ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. पुढे मुळातून रेसरपिन वेगळं काढलं आणि १९५४मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. चालायचं ते. पण रक्तदाब फार उतरायचा, काही जण खिन्न व्हायचे, आणि १९५२ला पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे मनोरुग्णांसाठीचं दुसरं औषध वापरात आलं होतंच. त्याने मैदान मारलं. म्हणून सर्पगंधेचं मूळ घरी उगाळून कोणाला देऊ नका, विशेषतः आधीच गोळ्या चालू असलेल्याला.

सोमवारची गोळी | सोमवार, रात्री ११:५८

सगळा धागा वाचला. आई काय म्हणते ते कळलं. मामा काय म्हणतो ते कळलं. कातळ, डॉक्टर, मास्तर सगळ्यांचं कळलं.

भाऊ काय म्हणतो?

पोफळीण | मंगळवार, सकाळी ६:४०

अगं बाई. खरंच की.

खाडीपलीकडे | मंगळवार, सकाळी ८:०५

...

खरं सांगू? विचारलंच नाही. फॉर्म आईला दिला, आईने मला पाठवला. तो तिथेच बाकावर बसला होता.

सोमवारची गोळी | मंगळवार, सकाळी ८:३०

ताई, तुम्हाला ओशाळवायला लिहिलं नव्हतं. आमच्या घरीही हेच. मला बायपोलर आहे, अकरा वर्षं लिथियमवर आहे, बँकेत नोकरी करते, आणि अजूनही डॉक्टर माझ्या नवऱ्याकडे बघून विचारतात, "झोप कशी आहे हिची?" माझी झोप! त्याला काय माहीत, तो घोरत असतो.

अभ्यासात मी एकदा होते. शिकाऊ डॉक्टर प्रश्नावली भरून घ्यायचा. त्याच्याशी बोलता बोलता कळलं की मेमध्ये मला हात थरथरणं, मळमळ का होते. मी दर मेला माहेरी, उकाड्यात आंब्याच्या कामाला, पाणी कमी, त्यात कंबर दुखली की मेडिकलमधून दुखण्याची गोळी. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं, आणि आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनीही चढतं. हे त्याच्या फॉर्मात नव्हतंच, गप्पांत निघालं. वरच्या डॉक्टरांनी तेव्हाच पातळी तपासली, वाढलेली होती.

म्हणून मी अभ्यासाच्या बाजूने आहे. पण विचारायचं मला.

काळा कोट | मंगळवार, सकाळी १०:१५

वकील आहे, मोबाईलवरून थोडक्यात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, अमलात मे २०१८पासून.

कलम ४: आजार आहे म्हणून माणसाला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही. माहिती समजते, परिणाम कळतात, निर्णय सांगता येतो, तर तो सक्षम. कलम ९९ संशोधनाचंच आहे: नुसती मुलाखत घ्यायची असली तरी संमती त्या व्यक्तीची. ती देण्याच्या स्थितीत नसेल तर नातेवाइकांची सही घेऊन भागत नाही, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते.

आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारा माणूस टेपने कंबर मोजून घ्यायची की नाही हे ठरवू शकत नाही, असं कोणत्याही कोर्टात सिद्ध करायला मला आवडणार नाही. ताई, तुमची सही मुळात लागतच नाही. फार तर साक्षीदार म्हणून.

कातळ | मंगळवार, सकाळी ११:०२

हे मलाही माहीत नव्हतं. माझा प्रबंधांवरचा राग कायम आहे, पण मी 'मी असतो तर केली नसती' लिहिलं ते जरा भलत्याच थाटात लिहिलं.

एक शंका. उपचार करणारी तीच, अभ्यास करणारी तीच, संमती घेणारीही तीच. गोळ्या जिच्या हातात, तिला नाही कसं म्हणायचं? कायद्यात लिहून भीती जात नाही.

निवृत्त मास्तर | मंगळवार, दुपारी १:२०

हा प्रश्न आमच्याही बैठकीत येतो. आम्ही सुचवतो की संमती दुसऱ्या कोणी घ्यावी, समाजसेवा अधीक्षक किंवा दुसरा निवासी डॉक्टर. आणि फॉर्म घरी न्यायला द्यावा. तुमच्या डॉक्टरबाईंनी घरी दिला, हे मी त्यांच्या बाजूने धरेन. पण दिला भलत्याच्या हातात.

साठवणुकीची ओळ निराळी ठेवलीय हेही बरोबर. एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणता येतं, दोन्हींचं गाठोडं नाही. साठवलेल्या रक्तावर पुढे काय करणार, किती वर्षं ठेवणार, भावाचं नाव त्यावर असणार की आकडा, हे विचारायचा हक्क आहे.

ओहोटी | मंगळवार, रात्री ९:००

@कातळ, पटलं. उद्या माझ्या कंपाउंडरला सांगणार आहे, टेप टेबलावर ठेव.

आणि कोकणापुरतं एक. २०१५-१६चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने १२ राज्यांत केलं, त्यात महाराष्ट्र नव्हताच. आपल्याकडच्या भातखाऊ, मासेखाऊ, चढ-उताराच्या वाटेने चालणाऱ्या माणसाचं या गोळ्यांनी नेमकं काय होतं, हे कोणीतरी मोजल्याशिवाय कसं कळणार? प्रबंध वाळवीच्या वाट्याला जाईलही. पण मोजायला सुरुवात निवासी डॉक्टरांपासूनच होते, दुसरं कोणी येत नाही.

परसबाग | मंगळवार, रात्री ९:४४

उकडा भात की सुरई, हे पण विचारा म्हणावं प्रश्नावलीत.

तिसरी घंटा | बुधवार, सकाळी ७:००

अजूनही वाचतोय.

खाडीपलीकडे | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८:२५

धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

शनिवार-रविवार जोडून गावी गेले. माजघरात बसून फॉर्म भावाच्या हातात दिला. त्याने चष्मा लावून चारही पानं वाचली, अर्धा तास घेतला. मध्येच आई म्हणाली, अरे कर सही, तर तो म्हणाला, "आये, पेटी भरताना माका घाई करतंस?" मी गप्प.

मग त्याने माझ्याकडून पेन मागून मागच्या कोऱ्या बाजूला प्रश्न लिहिले. तीनच. एक, रक्ताचे रिपोर्ट मला मिळणार का? दोन, वजन वाढलेलं निघालं तर गोळी बदलाल का नुसतं लिहून ठेवाल? तीन, उपाशीपोटी यायचं तर मला साडेपाचची पहिली एस्टी धरायला लागते, रक्त देईपर्यंत दहा वाजतात, मग चहा कोण देणार?

या गुरुवारी आई त्याला घेऊन गेली. मी फोनवर होते, पण स्पीकर त्यानेच बंद केला. आईच्या सांगण्याप्रमाणे डॉक्टरबाई आधी चपापल्या, मग खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या. रिपोर्ट मिळणार, प्रत देणार. साखर चढलेली निघाली तर सरांना दाखवून गोळीचा विचार करणार, आणि ते अभ्यासात असो नसो करणारच. चहाचं प्रस्तावात नव्हतं. प्रवासखर्च देता येतो म्हणाल्या, त्याचा अर्ज समितीकडे टाकतात.

पहिल्या भागावर त्याने सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट, एसएससीनंतर पहिल्यांदा एवढं सुवाच्य. शेवटच्या ओळीवर 'नाही'वर खूण. आईने घरी आल्यावर विचारलं, का रे? तर म्हणे, "माझा रगात तेंच्या फ्रीजात आणि मी गावाक? नको. कोण जाता तेका बघूक?"

कंबर ९८ निघाली. परतताना एस्टीत आईला म्हणाला, ताईची पण मोजूक होई.

मामा अजून बोलत नाही.

सोमवारची गोळी | शनिवार, रात्री ८:४०

तिसरा प्रश्न मी माझ्या डॉक्टरांना पाठवतेय.

काळा कोट | शनिवार, रात्री ९:१२

दुसरा प्रश्न मी पण विचारला नसता. पेट्या भरणं बास करा, ऑफिसात पाठवा माझ्या.

वेंगुर्ल्याचो राजा पार्टी | शनिवार, रात्री ९:३०

ताई, मुद्द्याचा सांगा. विषयाक शेवटी चाय-बटर मिळालो काय?

खाडीपलीकडे | शनिवार, रात्री ९:३३

चहा मिळाला, डॉक्टरबाईंनी स्वतःच्या पैशाने आणला. बटर संपले होते, खारी होती.